डब्यांवरची नावे

मंडळी, स्वयंपाकघर स्वच्छ आणि नीटनेटके असावे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आमची पिढी ज्या घरांत वाढली तिथे रात्रीची जेवणे उरकली की चुलीवर पोतेरे फिरायचे, भांडी राखेने घासली जायची, पितळेला चिंच लागायची. फडताळात काय, शिंक्यावर काय, उतरंडीच्या कुठल्या मडक्यात काय, सगळे ठरलेले. पण ही टापटीप नेमकी कोणाच्या सोयीची, हा प्रश्न मात्र जगात फार उशिरा विचारला गेला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

पहिले महायुद्ध संपल्यावर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई झाली. फ्रँकफुर्ट शहराने १९२५ मध्ये अर्न्स्ट माय या वास्तुरचनाकाराकडे घरबांधणीचे काम सोपवले. त्यांनी १९२६ साली व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोत्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंना बोलावून घेतले. (लग्नानंतर त्या शुटे-लिहोत्स्की झाल्या.) वय अवघे २९. लहान घरांसाठी स्वयंपाकघर आखण्याचे काम त्यांच्याकडे आले. गंमत म्हणजे तोवर आपण कधी स्वयंपाक केला नव्हता की संसार चालवला नव्हता, असे त्यांनीच पुढे सांगून ठेवले आहे!

मग त्यांनी काय केले? घड्याळ लावून घरकाम मोजले. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजतात, तशा गृहिणीच्या मोजल्या. अमेरिकेतल्या ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात हाच विचार मांडला होता आणि तो लिहोत्स्कीबाईंच्या वाचनात आला होता. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात एवढ्याशा जागेत शंभर माणसांचे जेवण कसे होते, तेही त्यांनी पाहिले.

यातून जे घडले ते 'फ्रँकफुर्ट किचन'. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीहूनही लहान. पण एकेक वस्तू विचार करून ठेवलेली. खिडकीखाली उजेडात भाजी चिरायची जागा, बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल, न वापरताना भिंतीला दुमडून ठेवायची इस्त्रीची फळी. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कारण त्याने पिठात किडे होत नाहीत. आणि साखर, तांदूळ, डाळी यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे खण, प्रत्येकावर नाव! अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींत बसवली गेली. आज जगभर 'मॉड्युलर किचन' म्हणून जे विकले जाते, त्याची ही आजी.

आपल्याकडे टापटीप हे बाईचे 'वळण' मानले गेले. सून आली की तिची परीक्षा त्यात. लिहोत्स्कीबाईंनी तो विषय वळणातून काढून वेळेत आणला. नीट मांडलेल्या स्वयंपाकघराचा पहिला फायदा पाहुण्यांच्या नजरेला नव्हे, तर तिथे राबणाऱ्या बाईच्या कमरेला आणि घड्याळाला झाला पाहिजे, हे त्यांचे सांगणे. वाचलेल्या वेळात तिने वाचावे, विश्रांती घ्यावी, नोकरी करावी.

पण इतिहास सरळ रेषेत जात नाही. पुढे १९७० च्या सुमारास स्त्रीवादी विचारवंतांनी या स्वयंपाकघरावर टीका केली. त्यात एकच माणूस मावतो. मग ती बाई तिथे एकटी पडते, आणि दुसऱ्या कोणी मदतीला यायचे म्हटले तरी जागा नाही! टीका खरी आहे. मात्र त्या नावांच्या खणांत मला याचेच उत्तर दिसते.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात कशावरच नाव नव्हते. तिच्या बोटांना सगळे ठाऊक होते. अंधारातही ती मोहरी काढून द्यायची. आम्हाला त्याचे कौतुक! पण ती आजारी पडली की घरात हिंग कुठे आहे हे कोणाला सांगता येत नसे आणि तापाने फणफणलेली आई अंथरुणातून उठून यायची. एकीलाच ठाऊक असलेली व्यवस्था त्या एकीला कधी सुट्टी देत नाही.

आमच्या हिने मात्र लग्नानंतर काही वर्षांतच सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि सहा आठवडे स्वयंपाक माझ्याकडे आला. आमटी पातळ झाली, पोळ्या नकाशासारख्या झाल्या, पण "अगं, जिरे कुठे आहे?" म्हणून तिला एकदाही उठवावे लागले नाही. फळ्यावर जन्मभर अक्षरे काढली, पण अक्षरांचा एवढा उपयोग क्वचितच पाहिला!

लिहोत्स्कीबाईंना मोठे आयुष्य लाभले. नाझींविरुद्ध काम केल्याबद्दल १९४१ मध्ये त्यांना अटक झाली आणि युद्ध संपेपर्यंत त्या तुरुंगात होत्या. जानेवारी २००० मध्ये, १०३ वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना त्या गेल्या.

असो. या दिवाळीला डबे घासायला काढाल तेव्हा पुसून झाल्यावर त्यांवर नावेही लिहा. आणि अक्षर घरातल्या पुरुषांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे मोठे काढा, म्हणजे सबब उरायला नको!