श्रवणयंत्राचा खर्च : विमा कुठे थांबतो, मदत कुठे मिळते?

चष्मा लागला तर माणूस दुसऱ्याच दिवशी दुकानात जातो. कान कमी झाले तर मात्र वर्षानुवर्षे चालढकल करतो. त्यामागे संकोच असतो, तसाच खर्चाचा धसकाही असतो. चांगल्या प्रतीच्या डिजिटल श्रवणयंत्राची किंमत काही हजारांपासून सुरू होऊन लाखाच्या पुढे जाते. बहुतेकांना दोन्ही कानांना यंत्र लागते, म्हणजे खर्च दुप्पट. आरोग्य विम्याचा हप्ता नियमित भरणाऱ्या कुटुंबाला अशा वेळी कंपनीकडून मदत होईल असे वाटते आणि बहुधा तिथेच निराशा पदरी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक अहवालानुसार जगातील सुमारे ४३ कोटी लोकांना उपचार वा पुनर्वसनाची गरज भासावी इतका श्रवणदोष आहे. ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकतो, त्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकच ते वापरतात. ऐकू न येणारे मूल बोलायला शिकत नाही आणि ऐकू न येणारे वृद्ध हळूहळू संभाषणातूनच बाजूला पडतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ एका उपकरणाच्या खरेदीचा नाही. हा खर्च भागवण्याचे मार्ग कोणते आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याची ही माहिती.

मेडिक्लेममध्ये का बसत नाही?

आपल्याकडे १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मेडिक्लेम'ची मूळ कल्पनाच रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाची भरपाई ही आहे. श्रवणयंत्रासाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. तपासणी बाह्यरुग्ण विभागात होते आणि यंत्र दुकानातून किंवा क्लिनिकमधून घेतले जाते. याशिवाय चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र यांचा खर्च देय नाही, असे कलम पारंपरिक मेडिक्लेम पॉलिसींत स्पष्ट शब्दांत असते. म्हणून सर्वसाधारण वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीवर यंत्राचा दावा केला, तर तो नामंजूर होण्याचीच शक्यता अधिक.

तरीही पॉलिसीचे कागद बाजूला ठेवण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. पहिली, पॉलिसीला बाह्यरुग्ण खर्चाचे जादा संरक्षण जोडले आहे का आणि त्यात श्रवणयंत्र वगळले आहे का. दुसरी, नोकरीच्या ठिकाणची सामूहिक पॉलिसी. मोठ्या कंपन्या विमा कंपनीशी स्वतंत्र अटी ठरवतात आणि काही सामूहिक पॉलिसींत कर्मचाऱ्याच्या आईवडिलांच्या श्रवणयंत्रासाठीही ठरावीक रक्कम मिळते. ही माहिती मनुष्यबळ विभागाकडून लेखी मागून घ्यावी. तिसरी, अपघात विमा. अपघातामुळे एका किंवा दोन्ही कानांची श्रवणशक्ती कायमची गेल्यास वैयक्तिक अपघात पॉलिसीच्या तक्त्यानुसार विमा रकमेची ठरावीक टक्केवारी मिळते. हे पैसे यंत्राच्या बिलापोटी नसतात. ते नुकसानीपोटी असतात आणि कशासाठीही वापरता येतात.

कानावरील शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी. पडद्याची शस्त्रक्रिया किंवा कॉक्लियर इम्प्लांट यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. त्यामुळे असा दावा पॉलिसीच्या चौकटीत येऊ शकतो. मात्र जन्मजात दोष, आधीपासूनचा आजार व प्रतीक्षा कालावधी यांविषयीच्या अटी आणि बाहेरून बसवल्या जाणाऱ्या प्रोसेसरची किंमत धरली जाते की नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वीच कंपनीकडून लेखी विचारून घेणे शहाणपणाचे.

विमा नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी स्वतंत्र आरोग्य विमा योजना उपलब्ध करण्याचे आदेश विमा कंपन्यांना दिले. श्रवणदोष आहे म्हणून विमाच नाकारला जाण्याच्या प्रकारांवर हा उपाय आहे. त्यातून यंत्राचा खर्च आपोआप मिळेल असे मात्र समजू नये. केंद्राची 'निरामय' विमा योजनाही अनेकांना सुचवली जाते. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. केवळ श्रवणदोष असलेली व्यक्ती तिच्यात बसत नाही.

दावा चुकीच्या कारणाने नाकारला असे वाटल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही.

नोकरदार आणि निवृत्तांसाठी

केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे (सीजीएचएस) लाभार्थी आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे (ईसीएचएस) सदस्य यांना श्रवणयंत्राचा खर्च मिळतो. यंत्राच्या प्रकारानुसार कमाल रक्कम ठरलेली असते. त्यापेक्षा महाग यंत्र घेतल्यास वरचा फरक स्वतः भरावा लागतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांची शिफारस, ऑडिओग्राम आणि पूर्वपरवानगी ही तीन पावले चुकवू नयेत. यंत्र आधी विकत घेऊन नंतर परवानगी मागणाऱ्यांची प्रकरणे अडकतात. ठरावीक मुदत उलटल्याशिवाय नवे यंत्र मिळत नाही.

कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) जानेवारी २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत, तर दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या बाबतीत २५ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. या योजनेच्या वैद्यकीय लाभांत कृत्रिम अवयव व साधनांचा समावेश असून, श्रवणयंत्राची मागणी संबंधित दवाखान्याच्या तज्ज्ञ डॉक्टरमार्फत करायची असते. यंत्रमाग, मुद्रण, धातुकाम अशा गोंगाटाच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कामाच्या स्वरूपामुळे आलेला बहिरेपणा हा कायद्याने व्यवसायजन्य आजार मानला आहे. त्यामुळे यंत्राबरोबरच भरपाईचाही हक्क निर्माण होऊ शकतो.

प्रमाणपत्राची चौकट

बहुतेक सरकारी मदतीचे दार दिव्यांगत्व प्रमाणपत्राने उघडते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत संभाषणाच्या ध्वनिलहरींसाठी ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती 'ऐकण्यास कमी येणारी', तर ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती 'कर्णबधिर' ठरते. लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) यांसाठी 'स्वावलंबन' या केंद्रीय संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते.

मध्यमवर्गीय ज्येष्ठांची खरी अडचण इथेच आहे. ४५ किंवा ५० डेसिबल ऱ्हास असलेल्या माणसाला फोनवरचे बोलणे समजत नाही, चारचौघांतले संभाषण निसटते आणि डॉक्टर यंत्र वापरण्याचा सल्ला देतात. पण कायद्याच्या व्याख्येत तो दिव्यांग ठरत नाही. एकाच कानाने पूर्ण बहिरा असलेल्याचीही तीच गत. विमा देत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही आणि उत्पन्न गरिबांच्या योजनांच्या मर्यादेपेक्षा थोडे अधिक, अशा कात्रीत सापडलेल्या कुटुंबांना करसवलत आणि खरेदीतील काटकसर एवढेच आधार उरतात. त्यांचा उल्लेख पुढे आहे.

केंद्र व राज्याच्या योजना

एडिप : दिव्यांगांना साधने व उपकरणे देणारी ही केंद्राची योजना १९८१ पासून सुरू आहे. सुधारित निकषांनुसार दरमहा २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असल्यास योजनेतील साधन पूर्णपणे मोफत, तर त्यापुढे ३० हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असल्यास निम्म्या खर्चात मिळते. लाभार्थी अवलंबून असेल तर पालकांचे उत्पन्न धरले जाते. मागील तीन वर्षांत (१२ वर्षांखालील मुलांसाठी एका वर्षात) त्याच कारणासाठी सरकारी मदत घेतलेली नसावी. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण दिव्यांगजन संस्था, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रे आणि कानपूरच्या 'अलिम्को'ची शिबिरे यांमार्फत यंत्रे दिली जातात. वांद्र्याची ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. तेथे श्रवण तपासणी, कानाचा साचा आणि वाचा-उपचार या सोयीही आहेत.

लहान मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठीही एडिपमधून साह्य मिळते. २०१४ च्या सुधारणेत त्यासाठी प्रतिबालक सहा लाख रुपयांची तरतूद करण्यात आली आणि वांद्र्याच्या याच संस्थेकडे समन्वयाचे काम देण्यात आले. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी पहिली पाच वर्षे निर्णायक असल्याने अर्जाला उशीर करू नये.

राष्ट्रीय वयोश्री योजना : १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेली ही योजना ६० वर्षांवरील ज्येष्ठांसाठी आहे. दारिद्र्यरेषेखालील तसेच दरमहा १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, कवळी, काठी, व्हीलचेअर यांबरोबर श्रवणयंत्रही मोफत दिले जाते. यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्राची अट नाही, वयोमानाने आलेला दोष पुरेसा असतो. वाटप 'अलिम्को'च्या शिबिरांतून होते.

मुख्यमंत्री वयोश्री योजना : राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या या योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि दोन लाख रुपयांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांच्या बँक खात्यात साधनखरेदीसाठी एकदाच तीन हजार रुपये जमा करण्याची तरतूद आहे. डिजिटल यंत्राच्या किमतीपुढे ही रक्कम तोकडी आहे, पण साचा, बॅटऱ्या किंवा दुरुस्ती यांना ती उपयोगी पडते. खरेदीची पावती सादर करावी लागते. अर्जाची सद्यस्थिती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात समजेल.

बालकांसाठी : फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व सरकारी शाळांत तपासणी होते. जन्मजात बहिरेपणा हा त्यातील एक तपासणी विषय आहे. दोष आढळल्यास पुढील उपचारांसाठी जिल्हा केंद्राकडे पाठवले जाते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या आजारांच्या यादीतही दोन ते सहा वर्षे वयोगटातील मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटचा समावेश आहे.

महापालिका : राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवणे अपेक्षित आहे. अनेक महापालिका त्यातून साधनखरेदीसाठी अनुदान देतात. याची जाहिरात फारशी होत नाही, म्हणून प्रभाग कार्यालयात किंवा समाजविकास विभागात स्वतः चौकशी करावी.

धर्मादाय रुग्णालये : मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत देणे बंधनकारक आहे. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे १.८० लाख व ३.६० लाख रुपये आहे. कानावरील शस्त्रक्रियेसाठी त्याचा उपयोग होतो. यंत्रासाठी मात्र रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे. कोणता न्यास यंत्रासाठी मदत करतो, याची यादी बहुधा त्यांच्याकडेच असते.

करातील सवलत

श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा कर नाही. बिलात तो लावलेला दिसल्यास विचारणा करावी. प्राप्तिकरात जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना १९६१ च्या कायद्यातील कलम ८०-यू नुसार स्वतःच्या दिव्यांगत्वासाठी ७५ हजार रुपये, तर ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाख रुपये वजावट आहे. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी तेवढीच वजावट कलम ८०-डीडी खाली मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला याचा या वजावटींशी संबंध नसतो. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चासाठी कलम ८०-डी खाली ५० हजारांपर्यंत वजावट असून, तिला दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागत नाही. ४५-५० डेसिबलच्या कात्रीत सापडलेल्यांनी या तरतुदीबाबत करसल्लागाराशी जरूर बोलावे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे विवरणपत्र भरताना ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी

यंत्राची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला भाग. बॅटऱ्या, कानाचा साचा, वेळोवेळी करावे लागणारे ट्यूनिंग आणि दुरुस्ती हा खर्च यंत्राच्या साधारण पाच वर्षांच्या आयुष्यात चालूच राहतो. म्हणून हमीचा कालावधी, फेरतपासणीचे शुल्क आणि घरी वापरून पाहण्याची मुभा या गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. तपासणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाकडूनच करावी आणि ऑडिओग्रामची प्रत मागून घ्यावी. तीच प्रत दुसऱ्या ठिकाणी दर विचारायलाही चालते. श्रवणयंत्र हे वैद्यकीय उपकरण असल्याने उत्पादकाला छापील किंमत वर्षभरात १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढवता येत नाही. सवलतीच्या जाहिराती वाचताना हे माहीत असलेले बरे.

ही कागदपत्रे तयार ठेवा

- कान-नाक-घसा तज्ज्ञांची शिफारस आणि अलीकडचा ऑडिओग्राम
- दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड (लागू असल्यास)
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका
- आधार कार्ड, वयाचा व रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे
- आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत
- यंत्राचे दरपत्रक. खरेदीनंतर यंत्राचा अनुक्रमांक असलेले पक्के बिल

अर्जाचा क्रमही महत्त्वाचा. आधी तपासणी, मग प्रमाणपत्र, त्यानंतर आपण ज्या योजनेत बसतो तिचा अर्ज आणि सर्वांत शेवटी खरेदी. घाईने यंत्र घेऊन नंतर मदत शोधणाऱ्याला बहुतेक योजनांचे दार बंद झालेले आढळते.