संमतीची सही

सातारा, कराड, तासगाव, जत या भागात घरातले दुखणे बळावले, की वडीलधाऱ्यांच्या तोंडून पिढ्यानपिढ्या एकच वाक्य निघत आले आहे : "मिरजेला न्या." १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे मिशनचे रुग्णालय उभारले आणि संस्थानी मिरजेची वैद्यकनगरी होऊ लागली. आजच्या सांगली जिल्ह्याला १९४९ ते १९६० या काळात 'दक्षिण सातारा' असेच नाव होते. जिल्हे वेगळे झाले, तरी आजाऱ्याची वाट पुष्कळदा एकच राहिली. आता मिरजेप्रमाणेच कराड आणि सांगली येथेही मोठी रुग्णालये आहेत.

जेथे मोठी रुग्णालये, तेथे वैद्यकीय संशोधनही आलेच. त्यामुळे एखाद्या दिवशी डॉक्टर आपल्यालाच विचारतात, "एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे. आपण त्यात सहभागी व्हाल का?" हा प्रश्न आपल्या प्रांताला नवा नाही. त्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्या इतिहासातच आपण कोणती विचारपूस करावी याचे उत्तर दडलेले आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो साताऱ्याकडेही पसरला. गावे ओस पडली, माणसे माळावर झोपड्या घालून राहिली. त्याच १८९६ च्या ऑक्टोबरात डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील सुमारे निम्मे कैदी लस घेण्यास पुढे आले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच लागण झाली आणि दोघेही वाचले.

संशोधकाने आधी स्वतःवर प्रयोग करावा, ही गोष्ट आदर उत्पन्न करते. पण तुरुंगाच्या चार भिंतींत, साथ दाराशी उभी असताना दिलेला होकार कितपत मोकळा म्हणावा? हा प्रश्न केवळ कैद्यांचा नाही. ज्या डॉक्टरांच्या हाती आपले माणूस सोपवले आहे, त्यांनीच विचारले तर "नाही" म्हणण्याची जीभ उचलत नाही. साहेब नाराज होतील, उपचारात हयगय होईल, अशी भीती मनात असते. म्हणून पहिली विचारपूस हीच : मी नकार दिला, तर माझे नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील ना? आजच्या नियमांप्रमाणे या प्रश्नाचे उत्तर "होय" असेच असले पाहिजे. होकार दिल्यानंतरही कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता, बाहेर पडता येते.

दुसरा धडा पंजाबातील मलकोवाल या गावाचा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे हाफकिनच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मृत्यू पावली. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ती बाटली गावातच दूषित झाली असावी, असे पुढे दिसून आले आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले. १९२५ साली मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. संशोधकाची प्रतिष्ठा अशी परत आली, गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. म्हणून दुसरी विचारपूस : काही अपाय झाल्यास माझ्यावर कोण उपचार करील, आणि भरपाई कोण देईल? २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांप्रमाणे अशा वेळी मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. चाचणीमुळेच इजा वा मृत्यू झाल्यास, ती चाचणी चालवणाऱ्याने भरपाई द्यावयाची आहे. संबंधित व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक संमतिपत्रावर असतो. तो पाहून घ्यावा.

तिसरा धडा अगदी शेजारचा. १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो चालवला. सुमारे १,३१,००० स्त्रियांचे, गावांच्या समूहांप्रमाणे, चार गट पाडण्यात आले. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी झाली. चौथ्या गटातील सुमारे ३१,००० स्त्रियांना तुलनेसाठी नेहमीच्याच स्थितीत ठेवण्यात आले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : विषाणूची एकदाच केलेली चाचणीदेखील या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटवते. हे ज्ञान जगाच्या उपयोगी पडले, आणि ते मराठवाड्यातील शेतकरी स्त्रियांनी दिले. परंतु चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे मोठा वाद झाला. भारतात अशी नियमित तपासणी मुळातच नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. तपासणीचा उपयोग आधीच ठाऊक होता, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

यावरून तिसरी विचारपूस सुचते : गट किती, मी कोणत्या गटात जाईन हे कोण ठरवणार, आणि माझ्या वाट्याला औषध न येता नुसती औषधासारखी दिसणारी गोळी आली, तर त्या काळात माझ्या आजाराचे काय? बहुधा ही निवड चिठ्ठी टाकावी तशी होते. ती डॉक्टरांच्याही हाती नसते. "नवे औषध म्हणजे चांगलेच औषध" हा समज सोडून द्यावा. ते चांगले आहे की नाही, हे ठाऊक नसते म्हणूनच तर चाचणी असते.

चौथी गोष्ट सहीची. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा येथे याच कर्करोगावरील लस मुलींना देण्यात आली. खम्मममध्ये कित्येक संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या असल्याचे उघड झाले. एप्रिल २०१० मध्ये हा प्रकल्प थांबवण्यात आला. आपल्या लेकरांसाठी होकार देण्याचा अधिकार असा परस्पर कोणाच्या हाती जाऊ देऊ नये. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी आणावे, शिकलेल्या मुलाकडून वा सुनेकडून मोठ्याने वाचून घ्यावे. लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याजवळ तटस्थ साक्षीदाराची सही लागते. सही केलेली एक प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे. चाचणीला नीतिसमितीची मान्यता आहे का आणि राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद आहे का, हेही विचारावे. २००९ पासून नव्या औषधांच्या चाचण्यांना ही नोंद सक्तीची आहे.

इतके विचारल्यावर मन होकार देत असेल, तर तो जरूर द्यावा. आपण आज घेतो ती प्रत्येक लस कोणीतरी अनोळखी माणसाने आधी आपल्या दंडावर घेतली होती. त्या माणसाचे ऋण मोठे आहे. परोपकाराची ती परंपरा आपल्या घरांनीही चालवावी, पण समजून-उमजून. ज्याला "नाही" म्हणता येते, त्याच्याच "हो" ला दानाचे मोल असते.