बनमानुसाचं काळीज

उर्दूत ज्याला आपण बनमानुस म्हणतो, त्याच अर्थाचा शब्द मलय भाषेत आहे: ओरांगउटान, म्हणजे रानातला माणूस. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना बिन्नीची गोष्ट सांगतो. ही ओरांगउटान मादी पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात होती. नोव्हेंबर २००३ मध्ये, पंचविशीत, तिला भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननला हलवलं. मे २०१९ मध्ये ती गेली तेव्हा देशात तिच्या जातीचं दुसरं कुणी नव्हतं. म्हातारपण आणि श्वसनाचा संसर्ग हे कारण. वय ४१.

जुन्या काळी पिंजऱ्यातल्या बनमानुसांना म्हातारपण सहसा लाभतच नसे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३७ साली जेनी नावाची ओरांगउटान आली. राखणदार सफरचंद दाखवतो पण देत नाही म्हणून ती हट्टी मुलासारखी रडली, ते डार्विनने १८३८ मध्ये पाहिलं. पुढच्याच वर्षी ती मेली. युरोपच्या थंडीत छातीचे आजार अशा प्राण्यांना लवकर गाठत.

पुढे औषधं आली, आयुष्य वाढलं आणि नवाच आजार पुढे आला, हृदयाचा. (आपण हृदयाला काळीज म्हणतो, खाटकाकडे मात्र कलेजी म्हणजे यकृत. मुलं इथे नेहमी हसतात.) माणसाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचून त्या तुंबतात. गोरिला आणि चिंपांझींत बहुतेकदा तसं होत नाही. त्यांच्या हृदयाच्या स्नायूतच घट्ट, चिवट तंतू वाढतात, ठोका बिघडतो, आणि वरून धडधाकट दिसणारा नर एकाएकी कोसळतो. नेमकं कारण अजून हाती आलेलं नाही. अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात २०१० पासून यासाठी स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला.

आहारावर मात्र संशय आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडला २००५ मध्ये ब्रूक्स नावाचा गोरिला हृदयविकाराने मेला. मग उरलेल्या दोन नरांची साखर-पिठाची तयार बिस्किटं बंद करून रोज साडेचार-पाच किलो पालेभाज्या सुरू केल्या. पोटात जाणारं अन्न वाढलं, तरी दोघांचं वजन जवळपास तीस-तीस किलोने उतरलं.

रक्तदाब मोजायचा तर पूर्वी भूल द्यावी लागे, आणि दुखऱ्या हृदयाला भूलच धोक्याची. अटलांटाच्या ओझी नावाच्या गोरिलाने २००९ मध्ये स्वतःहून दंड पट्ट्यात घातला. असं करणारा तो जगातला पहिला गोरिला. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना त्याच पट्ट्यासाठी अर्धा तास मनवावं लागतं. ओझी जानेवारी २०२२ मध्ये वारला, ६१ वर्षांचा होऊन.