सत्तर ग्रेनचं कोडं

अमेरिकेत जुन्या घाटणीच्या एकबारी रायफली अजून बनतात, आणि त्यांची काडतुसं हौशी मंडळी घरीच भरतात. त्यांच्या तोंडी सतत एक नाव असतं: ४५-७०-४०५. नाव कसलं, पाककृतीच ती. गोळीचा व्यास इंचाचे सुमारे ४५ शतांश, काळी दारू ७० ग्रेन, शिशाची गोळी ४०५ ग्रेन. अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी हे काडतूस घेतलं; शार्प्स आणि रेमिंग्टनच्या एकबारी रायफलींतही ते चाललं. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. मला छळतो तो मधला आकडा. सत्तरच का?

आधी ग्रेनचं बघू. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्या सराफांनी गुंज घेतली, इंग्रजांनी जव. सात हजार ग्रेनचा एक पौंड. आता आपलं कोष्टक: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. हा जुना तोळा, आजच्या सराफकट्ट्यावरचा दहा ग्रॅमचा नव्हे. तो इंग्रजी मापात भरतो बरोबर १८० ग्रेन. सहज गंमत म्हणून ४०५ ला १८० ने भागून पाहिलं आणि उडालोच. उत्तर आलं सव्वादोन. गुंजभरही इकडेतिकडे नाही! अमेरिकी शिपायाची गोळी चोख सव्वादोन तोळ्यांची.

हा योगायोग आहे, हे लगेच सांगून टाकतो. ४०५ चा आकडा चाचण्यांतून आला; स्प्रिंगफील्डला कुणी तोळ्याचा काटा घेऊन बसलं नव्हतं. पण या भागाकाराने मला १८३३ सालच्या कलकत्त्यात नेऊन सोडलं, आणि खरा धागा तिथे सापडला. त्या वर्षी कंपनी सरकारने वजनमापं ठरवून टाकली: तोळा १८० ग्रेनचा, ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. पुढे ब्राह्मी लिपी उलगडणारा जेम्स प्रिन्सेप तेव्हा तिथल्या टांकसाळीत धातुपरीक्षक होता आणि या सुधारणांत त्याचा मोठा हात होता. आता गुणाकार करा. १८० गुणिले ८० गुणिले ४०, म्हणजे ५,७६,००० ग्रेन. सोन्याचांदीचा ट्रॉय पौंड ५,७६० ग्रेनचा. म्हणजे मण झाला नेमका शंभर ट्रॉय पौंडांचा. यावर कुणी म्हणेल, १८० हा तर रुपयाचा आकडा. मद्रासचा रुपया १८१८ पासून तेवढ्याच वजनाचा होता. मान्य. पण चालू असलेल्या अनेक रुपयांतून नेमका तोच निवडावा आणि हिशेब शंभरावर येऊन टेकावा, यात कारकुनाचा हात मला स्वच्छ दिसतो. शंभर आले की रोजकीर्द सोपी होते.

आता हेच डोळे घेऊन सत्तरकडे बघा. सात हजारांना सत्तरने भागा. शंभर! एक पौंड दारूत शंभर काडतुसं, शिल्लक शून्य. शंभर पौंडांच्या पिपात दहा हजार. कोठारातल्या माणसाला पाटी-पेन्सिलही नको.

माझा सिद्धान्त एवढाच, की सत्तर हा नेमबाजाचा आकडा नसून कोठावळ्याचा आहे. त्याला तीन आक्षेप येतात.

पहिला आक्षेप वजनदार आहे. सत्तरचा जन्म १८७३ चा नाही. १८६६ च्या ५०-७० काडतुसातही ७० ग्रेनच होते, फक्त गोळी ४५० ची. म्हणजे पुढच्यांनी मागच्यांचं उचललं. ठीक, पण मग १८६६ साली तरी सत्तर कुठून आले? त्याआधीच्या अमेरिकी ठासणीच्या बंदुकीत ६० ग्रेन जायचे. साठवरून वाढवायचं तर पासष्ट होतं, बहात्तर होतं. थांबले सत्तरवरच.

दुसरा आक्षेप इंग्लंडहून येतो आणि तोच सगळ्यात चिवट. इंग्रज दारू ड्रॅममध्ये मोजत. पौंडाचे २५६ ड्रॅम. १८५३ च्या एन्फिल्ड बंदुकीत अडीच ड्रॅम दारू भरत. होय, तीच एन्फिल्ड, जिच्या चरबीच्या काडतुसावरून १८५७ पेटलं. अडीच ड्रॅम म्हणजे ६८ ग्रेनहून थोडे अधिक. पुढे तीच बंदूक मागून उघडणारी करून स्नायडर झाली आणि तिची दारू ७० ग्रेन लिहिली जाऊ लागली. मग अमेरिकेने सत्तर तिथूनच उसने घेतले असतील? असतीलही. पण हा आक्षेप माझ्याच पथ्यावर पडतो. अडीच ड्रॅमने पौंडाची १०२ काडतुसं होऊन वर थोडी भुकटी उरते. सत्तर लिहिताच ती शंभर होतात. ६८ चे ७० करणारा हात, तोळ्याचे १८० करणारा हात, एकाच शाळेत शिकलेला.

तिसरा आक्षेप: पितळी नळीत मावत होतं तेवढं भरलं, बस. हा मला पटत नाही. त्याच नळीचं घोडदळासाठी ५५ ग्रेनचं काडतूसही होतं, आणि त्यात उरलेली जागा पुठ्ठ्याच्या चकत्यांनी भरून काढावी लागे. नळी सत्तरच्या मापाने बेतली होती, उलट नव्हे.

माझ्या विरुद्ध जाणारं मीच सांगतो: या ५५ ने शंभर होत नाहीत, आणि १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीच्या ८५ ग्रेननेही नाहीत. कारकून प्रत्येक वेळी जिंकत नाही. पण लष्कराने पुढे ४०५ ची गोळी बदलली ती नेमकी ५०० ग्रेनची, पौंडाला बरोबर चौदा. मी गालातल्या गालात हसलो.

आज या रायफलीसाठी दारू-गोळी निवडताना हा आकडा मोठी गंमत करतो. जुन्या काडतुसाचा बुडखा पातळ होता. आजच्या नळीचा बुडखा भरीव, त्यामुळे आतली जागा कमी. सत्तर ग्रेन काळी दारू सरळ ओतली तर गोळीला जागाच उरत नाही. म्हणून लोक लांब पितळी नळकांड्यातून दारू अगदी संथ धारेने सोडतात, म्हणजे कण आपसांत बसतात. वर पुठ्ठ्याची चकती, मग दट्ट्याने दाब, आणि गोळी थेट चकतीला टेकलेली. काळ्या दारूत मधे पोकळी ठेवायची नाही, हा पहिला नियम. दारू या नळीला भरड कणांचीच लागते. बारीक कण भराभर जळून दाब एकदम चढवतात. गोळी मऊ हवी: सोळा किंवा वीस भाग शिशाला एक भाग कथील. तिच्या खाचांत मेण आणि चरबी, म्हणजे रायफलीच्या नळीतली काजळी ओलसर राहते आणि दहाव्या बारालाही नेम टिकतो. कथील वाढवून गोळी उगाच कडक करणाऱ्यांचं मला कोडंच वाटतं; मऊ शिसं मागून धक्का बसताच फुगून रायफलीच्या नळीतल्या खाचांत घट्ट बसतं, त्यातच तर या जुन्या नळ्यांची सारी मजा आहे.

आणि सत्तर हा आकडा फक्त काळ्या दारूचा. बिनधुराची दारू त्या वजनाने भरली तर रायफल फुटेल आणि हातही जाईल. १८७३ च्या स्प्रिंगफील्ड अजून लोकांच्या घरात आहेत, म्हणूनच अमेरिकी कारखानदारांच्या संघटनेने या काडतुसाच्या दाबाची मर्यादा आजही चौरस इंचाला २८,००० पौंड एवढी खाली ठेवली आहे.

राहिला पुरावा. ही काडतुसं फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये बनत. तिथल्या १८६५-६६ च्या कागदांत दारूच्या पिपांचा हिशेब अमेरिकेतल्या कुणा मराठी वाचकाच्या नजरेस पडला, तर त्याने तो जरूर कळवावा. पौंडाला शंभर असं कारकुनाने लिहिलेलं एक पान मला पुरे आहे.