बालकांची उपेक्षा व मेंदूचा विकास

शैशवात मारहाण, छळ किंवा दीर्घकालीन उपेक्षा वाट्यास आल्यास मुलाच्या स्वभावावर व वर्तनावर परिणाम होतो, ही समजूत जुनीच आहे. तथापि हा परिणाम मेंदूच्या जडणघडणीपर्यंत पोहोचतो, याचे प्रत्यक्ष पुरावे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर हाती आले. त्यांतील सर्वांत भक्कम पुरावा रूमानियातील अनाथालयांनी पुरविला. कोणत्याही शास्त्रज्ञाला जो प्रयोग करणे नीतिदृष्ट्या अशक्य होते, तो तेथील राजवटीच्या लोकसंख्या-धोरणाने हजारो बालकांवर लादला.

या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ मनोविश्लेषक रेने स्पिट्झ (१८८७–१९७४) याच्या १९४५ मधील लेखनापासून मानला जातो. स्वच्छ व पुरेसे अन्न देणाऱ्या अनाथगृहातील अर्भके आणि तुरुंगातील, पण मातेच्या सहवासात वाढणारी अर्भके यांची त्याने तुलना केली. अनाथगृहातील एक तृतीयांशाहून अधिक मुले दोन वर्षांत दगावली. तुरुंगातील मुले मात्र सुदृढ राहिली. त्याच्या पद्धतीवर पुढे सडकून टीका झाली व ती बव्हंशी रास्त होती. जॉन बोल्बी (१९०७–९०) याने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाने हा प्रश्न सर्वतोमुखी केला. तरीही एक शंका उरलीच : अनाथालयात येणारी मुले मुळातच दुर्बल असतील, तर दोष संस्थेचा की जन्माचा?

रूमानियाचा हुकूमशहा नीकोलाय चाउशेस्कू (१९१८–८९) याने लोकसंख्या वाढविण्यासाठी १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. अपत्यहीनांवर कर बसला. ज्या मुलांचे पोषण कुटुंबांना झेपेना, ती सरकारी संस्थांत दाखल होऊ लागली. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली, तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून अधिक मुले होती. अर्भके दिवसाचा बहुतेक वेळ कठड्याच्या खाटांत छताकडे पाहत पडून असत. भरविणे, न्हाऊ घालणे, शौचास बसविणे हे सारे ठराविक वेळी, एकगठ्ठा होई. एकेका सेविकेकडे डझनावर मुले असत व पाळीगणिक सेविका बदलत. या खोल्यांतील शांतता पाहुण्यांना चमत्कारिक वाटे. रडण्याने कोणी येत नाही, हे मुलांना उमगलेले होते.

यांतील अनेक मुले परदेशी कुटुंबांनी दत्तक घेतली. ब्रिटनमध्ये आलेल्या मुलांचा मायकेल रटर (१९३३–२०२१) व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून सुटलेली मुले बहुधा इतरांच्या बरोबरीस आली. त्याहून अधिक काळ तेथे राहिलेल्यांपैकी अनेकांत अवधानाचा अभाव, परक्यांशी अतिसलगी यांसारखे दोष टिकून राहिले. मात्र याच गटातील काही मुले पूर्णपणे निरोगी वाढली, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

पूर्वोक्त शंकेचे उत्तर बूखारेस्ट येथे २००० नंतर हाती घेतलेल्या प्रकल्पाने दिले. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी ६ ते ३१ महिने वयाची १३६ संस्थावासी मुले निवडली आणि त्यांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, यदृच्छेने निवडून पालक कुटुंबांत ठेवली. निवड यदृच्छेने झाल्याने मूळच्या दुर्बलतेचा प्रश्न निकालात निघाला. उरलेल्या मुलांना संस्थेत ठेवणे योग्य होते काय, हा वाद मात्र झालाच. शहरात पालक कुटुंबांची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच व पुढे कुटुंब मिळाल्यास कोणत्याही मुलाला अडविले जाणार नव्हते, असे संशोधकांचे समर्थन होते. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतील मुलांचा सरासरी बुद्धिगुणांक ७३, पालक कुटुंबांतील मुलांचा ८१ आणि स्वतःच्या घरी वाढणाऱ्यांचा १०९ आढळला. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांच्या मेंदूचे विद्युत् आलेख आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारखे होते. उशिरा गेलेल्यांचे तसे नव्हते. मज्जातंतूंनी बनलेले श्वेत द्रव्य कुटुंबात बरेचसे भरून आले, करड्या द्रव्यातील घट मात्र कायम राहिली.

कारणमीमांसा अशी, की अर्भकाच्या मेंदूतील मज्जापेशींचे परस्परसंबंध वापराने दृढ होतात व न वापरल्यास छाटले जातात. हाक, हसू, स्पर्श यांना मिळणारा प्रतिसाद हाच तो वापर होय. छळाची प्रक्रिया याहून वेगळी आहे. तीत उद्दीपनाचा अभाव नसून अविरत भय असते आणि धोका ओळखणारी केंद्रे अतिसंवेदनशील बनतात. एकाच मुलाच्या वाट्यास दोन्ही येणे दुर्मिळ नाही.

रूमानियाने २००४ च्या कायद्याने, तीव्र अपंगत्वाचा अपवाद वगळता, दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास मनाई केली. ब्रिटनमध्ये वाढलेल्या दत्तक मुलांच्या मेंदूंचे २३ ते २८ व्या वर्षी मापन झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे सरासरी आकारमान ब्रिटनमध्येच जन्मलेल्या दत्तक व्यक्तींपेक्षा ८·६ टक्क्यांनी कमी होते आणि ज्याचा संस्थेतील मुक्काम अधिक, त्याची घटही अधिक होती.