प्रकृती, विकृती आणि तसला

पालकांच्या बैठकीत एक आई उभी राहिली. तिच्या तेवीस वर्षांच्या मुलाने दिवाळीत घरी सांगितलं होतं की त्याला मुलगेच आवडतात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "डॉक्टर, ही विकृती तर नाही ना?" डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. आई मान डोलवत राहिली, पण चेहरा काही सैल झाला नाही. मी मराठीची शिक्षिका; या बैठकांना खुर्च्या मांडायला, चहा बघायला जाते. मला वाटलं, आजाराचं उत्तर मिळालं, तिच्या तोंडातल्या शब्दाचं मात्र अजून कुणीच दिलं नाही.

प्रकृती आणि विकृती या सख्ख्या बहिणी, दोघी 'कृ' धातूच्या. 'प्र' लागला की मूळची घडण, 'वि' लागला की तिच्यातून पालटून निघालेली घडण. सांख्यांनी महत्, अहंकार आणि पाच तन्मात्रा या सात तत्त्वांना एकाच वेळी प्रकृतीही म्हटलं आणि विकृतीही, कारण ती एकातून निघतात आणि पुढच्याला जन्म देतात. वेदपाठात तर विकृतीचा मान मोठा. संहिता, पद आणि क्रम हे साधे प्रकृतिपाठ. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन या आठ विकृती. तेच शब्द पुढेमागे गुंफत म्हणायचे, एकही अक्षर ढळू द्यायचं नाही. घनपाठी म्हणजे अशा विकृतीत पारंगत झालेला माणूस, आणि त्याच्यापुढे लोक वाकतात.

आजाराचा अर्थ आला तो वैद्यकातून. आयुर्वेदात दोषांचं संतुलन बिघडलं की विकृती. पण तिथेच प्रकृतीचा अर्थही पाहावा. कुणाची वाताची, कुणाची पित्ताची, कुणाची कफाची. ती जन्मापासूनची असते आणि माणसागणिक वेगळी असते. वैद्य ती बदलायला जात नाही, ती ओळखून पथ्य सांगतो. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की आपण भेटल्याबरोबर विचारतो, "प्रकृती कशी आहे?"

आणि मग कामसूत्रातला तो शब्द, 'तृतीया प्रकृती'. दुसऱ्या अधिकरणाच्या नवव्या अध्यायात वात्स्यायन स्त्रीरूप घेणारी आणि पुरुषरूप घेणारी असे तिचे दोन प्रकार सांगतो. त्या काळी सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. अमरकोशात हाच शब्द षंढ आणि क्लीब यांच्या पंगतीला बसवला आहे, आणि ते शब्द तेव्हाही बोचत असणार. तरीही नाव देताना निवडला तो 'प्रकृती' हाच शब्द. १८६० च्या दंडसंहितेतल्या ३७७ व्या कलमाने याच्या नेमकं उलट केलं: निसर्गक्रमाविरुद्धचा संबंध म्हणजे गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्या कलमातून बाहेर काढलं. कायद्याच्या पुस्तकातून शब्द गेला, स्वयंपाकघरातून जायला वेळ लागतो आहे.

'समलिंगी' हा शब्द युरोपातल्या 'होमोसेक्शुअल' या शब्दावरून बेतलेला. तो मूळ शब्द छापून आला १८६९ मध्ये, कार्ल-मारिया केर्टबेनी या हंगेरियन लेखकाच्या जर्मन पत्रकात, आणि पत्रक होतं प्रशियातल्या अशाच एका कलमाच्या विरोधात. म्हणजे तो निदान करायला नव्हे, वकिली करायला जन्मला. त्यातला ग्रीक 'होमोस' आपल्या 'सम'चा भाऊच. अडचण 'लिंग'ची आहे. संस्कृतात लिंग म्हणजे खूण, व्याकरणात तोच अर्थ टिकला. पण घरात आईसमोर हा शब्द उच्चारायचा म्हणजे जीभ अडखळते. आमच्या बैठकीत कितीतरी पालक तिथेच थांबतात.

म्हणून बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात काढलेल्या संस्थेचं नाव मला फार आवडतं: समपथिक. शरीर बाजूला राहिलं, वाट पुढे आली. 'तृतीयपंथी'तही तीच वाट आहे. पथिक आणि पंथ एकाच 'पथिन्'चे, आणि पंथ म्हटलं की मराठी कानाला आधी नाथपंथ, महानुभाव पंथ, वारकरी पंथ आठवतात. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या मालाडच्या संस्थेचं नाव तर थेट घरगुती, 'सखी चारचौघी'. चारचौघींसारखं असणं ज्यांना नाकारलं गेलं, त्यांनीच तो शब्द दारावर लावला. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आत्मकथनाच्या शीर्षकातच 'मी हिजडा' असं लिहिलं. लोकांनी फेकलेला शब्द झेलून स्वतःच्या नावाशेजारी ठेवायला केवढी छाती लागते!

पण बहुतेक घरांत यांतला एकही शब्द वापरला जात नाही. तिथे चालतो तो 'तसला'. "तो तसला आहे." 'तसा' या निरुपद्रवी शब्दाला 'ला' चिकटला की नाक मुरडलं जातं: असला, तसला, कसला. इतक्या छोट्या प्रत्ययात इतका तिरस्कार मावतो, हे मी वर्गात कधी शिकवलं नाही याचं आता वाईट वाटतं. बैठक संपल्यावर त्या आईला मी एवढंच सांगितलं. प्रकृतीचं सांगितलं, घनपाठाचं सांगितलं आणि या 'ला'चंही.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली. नणंदेने घरी येऊन विचारलं होतं, "वहिनी, आपला बाळू तसला आहे म्हणतात, खरं का?" ही कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तसला नाही हो, तसा आहे. पहिल्यापासूनच."