मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची जनुकं शास्त्रज्ञ का बदलतायत? दीप्ती नायक यांचं संशोधन काय सांगतं?

गावाकडे गोबर गॅसवर उकळलेला चहा तुम्ही कधी प्यायला असाल, तर या बातमीतल्या जीवांशी तुमची जुनी ओळख आहे. शेणकाला टाकीत बंद करायचा, आत हवा जाऊ द्यायची नाही, आणि काही दिवसांनी शेगडीवर निळी ज्योत! ही कमाल शेणाची नाही, त्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची. त्यांचेच भाऊबंद गायीच्या पोटात, भातखाचरांच्या चिखलात, कचरा डेपोच्या तळाशी आणि समुद्रतळाच्या गाळातही असतात.

पण तिथला मिथेन शेगडीत जळत नाही, बराचसा हवेत जातो. 20 वर्षांचा हिशेब धरला, तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता अडवतो. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत जितका मिथेन होता, त्याच्या अडीच पटींहून जास्त आज आहे. आणि हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी साधारण दोन तृतीयांश सूक्ष्मजीवांकडून येतो. म्हणजे हे जीव मिथेन नेमका कसा बनवतात, हे कळल्याशिवाय तो कमी करण्याच्या गप्पा अर्ध्याच राहतात.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दीप्ती नायक नेमकं याच प्रश्नावर काम करतात. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे: जीवाचं एक जनुक काढायचं किंवा त्याचा जोर कमी करायचा, आणि काय बिघडतं ते बघायचं. करायला मात्र ती महाकठीण.

हे बॅक्टेरिया नाहीत

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. मिथेन बनवणारे हे जीव दिसायला बॅक्टेरियासारखे, पण बॅक्टेरिया नाहीत. 1977 मध्ये इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोस यांनी, मिथेनच्या जीवांचे जाणकार राल्फ वुल्फ यांच्या मदतीने, त्यांच्या पेशीतल्या आरएनएची तुलना केली. तेव्हा लक्षात आलं की ही वंशावळच निराळी आहे. आज आपण त्यांना आर्किया म्हणतो. पेनिसिलिन ज्या भिंतीवर हल्ला करतं ती बॅक्टेरियाची भिंत यांना नसतेच, त्यामुळे पेनिसिलिनचा यांच्यावर परिणाम होत नाही.

सगळी वाट एकाच दारातून

या जीवांचे आहार वेगवेगळे. कोणी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगतो, कोणी अॅसिटेटवर, कोणी मिथेनॉलवर. पण शेवटची पायरी सगळ्यांची एकच. ‘एमसीआर’ नावाचं एन्झाइम शेवटी मिथेनचा रेणू सुटा करतं. त्याच्या गाभ्यात निकेलचा अणू असतो, आणि ऑक्सिजन लागला की तो निकामी होतो. गोबर गॅसच्या टाकीत हवा का चालत नाही, याचं एक मोठं कारण हेच.

या पायरीला ‘कोएन्झाइम एम’ नावाचा एक छोटा रेणू लागतो. तो वुल्फ यांच्याच प्रयोगशाळेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सापडला. गंमत म्हणजे हाच रेणू ‘मेस्ना’ या नावाने दवाखान्यातही असतो. काही केमोथेरपीच्या औषधांमुळे मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून तो रुग्णांना देतात.

मग जनुक बदलणं इतकं अवघड का?

एक तर ऑक्सिजन. सगळं काम हवाबंद काचपेटीत, भिंतीला बसवलेल्या जाड हातमोज्यांमधून हात घालून करावं लागतं. दुसरं म्हणजे वेग. प्रयोगशाळेतला ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतो; यांना कित्येक तास लागतात, काहींना दिवस. अॅसिटेटवर जगणाऱ्यांना त्यातून मिळणारी ऊर्जा इतकी तुटपुंजी असते की एका रेणूत पेशीचं चलन समजला जाणारा एटीपीचा एक रेणूही पुरता तयार होत नाही. शिवाय नायक यांचा लाडका जीव, ‘मिथेनोसार्सिना अॅसिटिव्होरान्स’, एकाच पेशीत गुणसूत्राच्या अनेक प्रती बाळगतो. एका प्रतीत बदल करून भागत नाही, सगळ्या बदलाव्या लागतात.

या जीवात बाहेरचा डीएनए घालण्याची भरवशाची पद्धत विल्यम मेटकाफ यांच्या गटाने 1997 मध्ये दिली. मेटकाफ यांच्याकडेच काम करत असताना नायक यांनी 2017 मध्ये त्यात क्रिस्पर ही जनुकांची कात्री चालवून दाखवली.

त्याच वर्षी पहिला धक्काही मिळाला. एमसीआरमध्ये एका ठिकाणी ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसवलेला असतो. हा बदल इतका सर्रास आढळतो की तो या एन्झाइमला अत्यावश्यक असावा, असं मानलं जायचं. नायक यांनी तो करणारी जनुकं काढून टाकली, आणि जीव मेला नाही! मात्र तापमान वाढवलं किंवा कमी ऊर्जेचं अन्न दिलं की त्याची वाढ चांगलीच मंदावली. रसायनशास्त्राच्या तर्कावर उभा असलेला समज जनुक काढल्यावरच तपासता आला.

मिथेनचा ‘ठसा’ फसवू शकतो

हवेतला मिथेन गायीचा, खाचराचा की गॅसच्या गळक्या पाइपलाइनचा, हे ओळखायला शास्त्रज्ञ समस्थानिकांचं प्रमाण बघतात. मिथेनमध्ये जड कार्बन आणि जड हायड्रोजन किती, यावरून उगमाचा अंदाज बांधतात. जमिनीखालच्या इंधनाचा मिथेन सहसा जड, सूक्ष्मजीवांचा हलका.

यात गृहीत असं होतं की ठसा मुख्यतः जीव काय खातो यावर ठरतो. 2025 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनात नायक, त्यांचे बर्कलीतले भूरसायनशास्त्रज्ञ सहकारी डॅनियल स्टोल्पर आणि इतरांनी ते तपासलं. क्रिस्पर वापरून एमसीआरचं प्रमाण हवं तसं कमी करता येईल असे जीव बनवले. मुख्य दारच अरुंद झालं, तशा आधीच्या रासायनिक पायऱ्या उलट्या दिशेनेही चालू लागल्या. त्यात अन्नातून आलेल्या हायड्रोजनची पेशीतल्या पाण्यातल्या हायड्रोजनशी अदलाबदल झाली. परिणाम असा, की जीव तोच, अन्नही तेच, पण मिथेनचा ठसा वेगळा.

चिखलात किंवा गाळात जीव अनेकदा अर्धपोटीच असतात, आणि तिथे एमसीआरचं प्रमाण बदलत असेल, तर केवळ ठशावरून कोणत्या अन्नातून किती मिथेन आला हे ठरवताना हिशेब चुकू शकतो.

अर्थात हा प्रयोग एका जातीवर, प्रयोगशाळेत झालाय. मिथेनोसार्सिना अॅसिटिव्होरान्स मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या गाळातला, आणि तो हायड्रोजनवर जगत नाही. गायीच्या पोटातला बहुतेक मिथेन मात्र हायड्रोजन खाणारे जीव बनवतात. त्यांच्यात अशीच अदलाबदल किती होते, याचा हिशेब वेगळा मांडावा लागणार आहे.